संशयाचाही इतिहास असतो

भेदभाव मिटवायचा तर मुलांना एकमेकांच्या संस्कृतीची ओळख करून द्या, असं समित्यांच्या अहवालांपासून स्नेहसंमेलनातल्या भाषणांपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. पुढे काय होतं तेही ठरलेलं आहे. चार मुली आरसे लावलेले घागरे घालून लमाणी नाच करतात, एखादा मुलगा मोरपिसांची टोपी चढवून वासुदेव होतो, पाहुणे विविधतेतल्या एकतेवर बोलतात आणि सगळे अल्पोपाहाराला जातात. या कार्यक्रमांवर माझा राग नाही. मुलांना नाचायला आवडतं, नाचू द्यावं. मात्र यातून भेदभाव कमी होतो ही समजूत मला पोकळ वाटते. तिच्यामुळे खरं काम केल्याचं फुकटचं समाधानही मिळतं.

माझं म्हणणं असं. ज्या समाजाकडे संशयाने पाहिलं जातं, त्याची संस्कृती शिकवून तो संशय जात नाही, कारण तो मुळात अज्ञानातून आलेला नाही. तो कायद्याने, सरकारी याद्यांनी आणि गावपातळीवरच्या बंदोबस्ताने घडवला आहे. म्हणून शाळेत शिकवायचा तो त्या संशयाचा इतिहास: कोणी संशय घेतला, कोणत्या कागदावर लिहिला, कोणाच्या सोयीसाठी. आणि हा धडा सगळ्यात आधी ज्यांच्या घरात तो संशय पाळला जातो, त्या मुलांना द्यायचा.

महाराष्ट्रात हे तपासून पाहायला भटक्या-विमुक्तांचं उदाहरण घ्यावं. अल्पसंख्याक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर धर्म येतो. विमुक्तांच्या यादीत मात्र हिंदू जातीही आहेत आणि मुस्लीम छप्परबंदही. राज्यभरातली त्यांची बेरीज मोठी असली तरी एकेका गावात ते चार पालं नाहीतर एखादी वस्ती एवढेच असतात. ग्रामसभेत किंवा चावडीवर त्यांच्या बाजूने हात वर होत नाहीत. माझ्या मते अल्पसंख्याक असण्याचा खरा अर्थ हाच.

१. ओळख नव्हती असं नाही

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच माणसांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होत्या. मारले गेले ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारलं गेलं.

नंतर सगळा दोष व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. अफवा तिथूनच आली, हे खरं. त्या काळात देशात इतरत्र भटक्या जमातींचे नसलेले लोकही अशाच अफवेला बळी पडले, हेही खरं. पण अफवा कोणालाही सारख्याच सहजतेने चिकटत नाही. नोकरदार माणूस खिशातून ओळखपत्र काढतो, नातेवाइकाला फोन लावतो, कोणत्या कंपनीत आहे ते सांगतो. पाल ठोकून राहणाऱ्या भिक्षेकऱ्याने आधार कार्ड दाखवलं तरी पुढचा प्रश्न उरतोच, ‘मग इकडे कशाला फिरतोस?’ फिरणं हाच त्याच्यावरचा आरोप असतो.

इथे कोणी म्हणेल की राईनपाडा आदिवासी भागातलं, तिथे सोलापूरकडचा गोसावी ओळखीचा नसेल, म्हणजे प्रश्न अखेर ओळखीचाच झाला. तसं असेल तर जिथे ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे तिथे संशय नसायला हवा. प्रत्यक्षात काय दिसतं? दारात नंदीबैल आला की आजी सुपातून पसाभर दाणे घालते, बैलाला हळदकुंकू लावते, पाऊस पडेल का म्हणून विचारते. त्याच वेळी आतून सूनबाईला हाक जाते की दोरीवरचे कपडे काढून घे आणि पोरांना आत बोलव. नंदीबैलवाल्याचा पोशाख, त्याचं गुबूगुबू वाजणं, बैलाची मान हलवणं यातलं या घराला काय ठाऊक नाही? शाळेने संस्कृतीचा आणखी कितीही परिचय करून दिला तरी आजीइतका तो व्हायचा नाही. आदर आणि संशय या घरात सुखाने एकत्र नांदतात. संस्कृतीचा धडा आदराच्या खात्यात थोडी भर घालेल, संशयाच्या खात्याला तो हातच लावत नाही.

२. या संशयाला जन्मतारीख आहे

गावाने परक्याकडे तिरक्या नजरेने पाहणं जुनंच आहे, त्याला इंग्रज यावे लागले नाहीत. पण परक्याला बिचकणं वेगळं आणि अमुक जातीत जन्मलेला गुन्हेगारच असतो हे सरकारी सत्य होणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीची तारीख सांगता येते: १२ ऑक्टोबर १८७१. त्या दिवशी गुन्हेगार जमाती कायदा मंजूर झाला.

त्यामागचा युक्तिवाद असा होता की या देशात धंदे जातीने चालतात. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर, तसा गुन्हेगाराचा गुन्हेगार. म्हणजे जातिव्यवस्थेबद्दलची ऐकीव माहिती कायद्याचा आधार झाली. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नोंदणी व्हायची, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागायची, हद्द ओलांडायची तर पास घ्यावा लागायचा. जमातीचं नाव यादीत घालणं बरोबर की चूक हे कोर्टाला विचारता येत नसे, तसं कायद्यातच लिहिलं होतं. पुढे मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारगृहात ठेवण्याची तरतूद आली. याच मूळ कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांच्या नोंदणीसाठी होता, ही गोष्ट अभ्यासू मंडळींनाही अनेकदा माहीत नसते. एका जागी न राहणारा आणि ठरल्या चौकटीत न बसणारा, दोघांसाठी सरकारने एकच वही उघडली होती.

आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला, १९२४ मध्ये त्याची पुन्हा बांधणी झाली. मुंबई प्रांतात तो १९४९ मध्ये गेला, देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला; त्यातून सुटल्या त्या विमुक्त जाती. भटक्या-विमुक्तांचे कार्यकर्ते स्वातंत्र्य दिन सांगताना १५ ऑगस्टच्या जोडीला ही तारीख सांगतात ती म्हणूनच. त्यानंतरही सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. जमातीचं नाव वगळलं, तरी पोलिसी सवय टिकायला तेवढं पुरलं. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत या जमातींविषयीचे उल्लेख इतके दिवस तग धरून होते की ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला जातीवर आधारलेल्या तरतुदींबरोबर तेही रद्द करावे लागले.

माझ्या मुद्द्यासाठी या कायद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम हजेरीचं नाही, गावाबद्दलचं आहे. यादीतली माणसं हद्दीत दिसली, हलली, न सांगता गेली की ती खबर देण्याची जबाबदारी गावचा मुखिया, राखणदार आणि जमीनदारांवर टाकलेली होती. साहेब लांब होता, नजर ठेवणारे आपलेच होते. या कामाला पिढ्या लागल्या की ते कायद्याचं काम वाटत नाही, शहाणपण वाटायला लागतं. कायदा रद्द झाला तेव्हा पोलीस ठाण्यातली वही बंद झाली. घराघरांतलं ते शहाणपण बंद करायला कोणी आलं नाही. आजीच्या दोरीवरच्या कपड्यांचं मूळ तिथपर्यंत जातं. आजीला ते माहीत नाही, तिच्या नातीला कळावं एवढीच माझी मागणी आहे.

३. चरित्रनायकांनी भागत नाही

संस्कृतीने जमत नसेल तर त्या समाजातले थोर पुरुष शिकवा, हा पुढचा उपाय. प्रत्येक समाजाची संघटना आपापला नायक पाठ्यपुस्तकात यावा म्हणून झटते. ती धडपड मी समजू शकतो. ज्याला शतकभर चोर म्हटलं, त्याला आपल्यातला क्रांतिकारक छापील पाहून किती बरं वाटत असेल!

पण उमाजी नाईकांचंच पाहा. १८२० च्या दशकात पुरंदरच्या मुलखात त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड उभारलं आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी झाली. पाठ्यपुस्तकात त्यांचा गौरवाने उल्लेख येतो, तो यायलाच हवा. रामोशी गावांची आणि किल्ल्यांची राखण करत, त्या बदल्यात त्यांचे हक्क असत. पेशवाई गेल्यावर इंग्रजी अमलात ते हक्क आखडले, किल्ल्यांवरची कामं गेली, त्यातून असंतोष पेटला. इथपर्यंत धडा येतो. मग त्याच रामोशी समाजाचं नाव महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत कसं? कालचे राखणदार आजचे संशयित कधी आणि कोणी ठरवले? ‘क्रांतिकारक रामोशी’ आणि ‘विमुक्त जाती: रामोशी’ ही दोन वाक्यं एका पानावर आणली तरच मुलाच्या डोक्यात प्रश्न उभा राहतो. नुसता नायक दिला की मूल त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवतं: उमाजी नाईक थोर होते, बाकीचे तसलेच. नायकाची पूजा आणि समाजाचा संशय यांचंही छान जमतं, अगदी नंदीबैलासारखं.

४. धडा नेहमी चुकीच्या मुलासमोर

गिरण्यांच्या सोलापुरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची वसाहत उभी राहिली. लोक तिला सेटलमेंट म्हणत, आजही म्हणतात. तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर जायला पास, पुरुषा-बायकांना गिरणीत काम. काही काळ तिची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. कुंपणाच्या आत मुलांसाठी शाळाही होती. गुन्हेगाराच्या मुलाला शिकवून सुधारायचं, हा त्या शाळेचा हेतू होता. आज तिथली कुंपणं नाहीत, पण सोलापुरातल्या एका भागाच्या पत्त्यात सेटलमेंट हे नाव अजून लिहिलं जातं.

स्वातंत्र्यानंतर विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी आश्रमशाळा निघाल्या. त्यांनी अनेकांची आयुष्यं उभी केली, सेटलमेंटच्या शाळेशी त्यांची तुलना करणं अन्याय होईल. तरी एक गोष्ट बदलली नाही: सुधारण्याचा धडा दरवेळी संशयिताच्या मुलासमोर ठेवला गेला. स्वच्छ राहा, स्थिर व्हा, व्यसन सोडा, मुख्य प्रवाहात या. संशय घेणाऱ्याच्या मुलाला यातलं एक अक्षर शिकावं लागलं नाही. लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये. दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाले, मराठी वाचक हळहळला. त्या हळहळीतही ‘त्यांचं जगणं किती भयंकर’ हा सूर होता. ‘आमच्या गावाने हे कसं चालू दिलं’ हा प्रश्न फार थोड्यांनी स्वतःला विचारला.

म्हणून या धड्याची जागा आश्रमशाळेआधी जिल्हा परिषदेच्या, अनुदानित आणि शहरातल्या महागड्या शाळांत आहे. उद्याचा हवालदार, तलाठी, ग्रामसेवक, सोसायटीचा सेक्रेटरी, बातमीत ‘टोळी’ लिहिणारा वार्ताहर, सगळे आज तिथल्या बाकांवर बसले आहेत.

५. वर्गात नेमकं काय शिकवायचं

वेगळं पुस्तक नको, वेगळा ‘भटक्या-विमुक्तांचा इतिहास’ असा धडाही नको. वेगळा धडा शेवटी ढकलला जातो आणि फेब्रुवारीत ‘हा वाचून घ्या’ म्हणून संपतो. असलेल्या धड्यांच्या आतच ही गोष्ट घालावी लागेल.

आपण शिकवतो की इंग्रजांनी रेल्वे आणली, दळणवळण वाढलं. त्याच परिच्छेदात लिहावं की त्याआधी देशभर मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवरून वाहणारे बंजारा तांडे होते, दख्खनच्या मोहिमांत फौजांना रसद तेच पुरवत, आणि रेल्वेने व मिठावरच्या सरकारी ताब्याने त्यांचा व्यापार मोडला. मिठाचा सत्याग्रह शिकवताना मीठ आधी कोण वाहत होतं हे सांगायला दोन ओळी लागतात. १८५७ नंतर सरकारने बंदोबस्त कसा वाढवला हे शिकवताना १८७१ चा कायदा आपोआप येतो. जंगल कायद्यांपाशी पारधी येतो. धरणं आणि रस्ते शिकवताना दगड फोडणारा वडार येतो. बिनपैशाची, बिनजागेची माणसं सरकारला गुन्हेगार का दिसू लागली, हे मुलांना मग समजावून द्यावं लागत नाही.

नागरिकशास्त्राच्या तासाला दोन कागद शेजारी ठेवावेत. एक, गुन्हेगार जमातीच्या नोंदणीचा नमुना: नाव, जमात, ठिकाण, बोटांचे ठसे. दुसरा, आज जातीच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या पुराव्यांची यादी. विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. बापजाद्यांना एका जागी टिकूच दिलं नाही, पालं उठवली, आणि नातवाला विचारायचं की तुझा आजोबा १९६१ साली कुठे राहत होता ते कागदावर दाखव. जी नोंद सरकारने संशयापोटी इतक्या काटेकोरपणे ठेवली, ती हक्क देताना कुठे जाते? आठवीतलं मूल हा प्रश्न बरोबर विचारतं, त्याला समाजशास्त्र यावं लागत नाही.

हे झेपणार नाही असं वाटणाऱ्यांसाठी एक आठवण. एनसीईआरटीच्या २००६ च्या अभ्यासक्रमातल्या नववीच्या इतिहासात पशुपालकांवर एक धडा होता. त्यात आपले धनगर होते, चराईवरचे कर होते आणि १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदाही होता. म्हणजे लिहिता येतं, छापता येतं, पंधरा वर्षांच्या मुलाला कळतंही. न्यूझीलंडने २०२३ पासून आपला इतिहास शाळांत सक्तीचा केला, त्यात माओरींचा हाका आणि कोरीवकाम एवढ्यावर न थांबता वसाहतकाळातली युद्धं आणि जमिनी कशा घेतल्या हेही ठेवलं. त्या मागणीची सुरुवात शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या अर्जातून झाली होती. आपल्याकडे असा अर्ज आला तर आधी मुख्याध्यापक पालकांना बोलावून घेतील, पण ते असो.

६. आक्षेप

पहिला आक्षेप मवाळ मंडळींचा: वर्गात जातींची नावं घेतली की त्या मुलांना ओशाळं होईल, इतर चिडवतील. भीती खरी आहे. पण वर्गात जात आज घेतली जात नाही असं समजणाऱ्याने शिष्यवृत्तीच्या दिवसांत शाळेत जाऊन बसावं. ‘व्हीजेएनटीवाल्यांनी उभं राहा, दाखला कोणी आणला नाही?’ हे भर वर्गात विचारलं जातं. जात उच्चारली जातेच, फक्त इतिहासाशिवाय, नुसत्या सवलतीसारखी. म्हणूनच बाकीच्या मुलांना ती फुकटची वाटते. धडा मात्र जपून घ्यावा लागेल. ‘तू पारधी ना, मग तुमच्याबद्दल सांग’ असं म्हणून मुलाला नमुन्यासारखं उभं करणारा शिक्षक सेटलमेंटच्या अधिकाऱ्यापेक्षा फार वेगळं करत नाही. धड्याचा विषय कायदा आहे, पहिल्या बाकावरचं मूल नाही.

दुसरा आक्षेप रोखठोक आहे आणि लोक तो खासगीत घेतात: ‘पण त्यांच्यातले काही चोऱ्या करायचेच ना?’ करायचे. ते लपवू नये, ‘उचल्या’नेही लपवलेलं नाही. काहींनी पोटासाठी केल्या, काही टोळ्या कसबी होत्या. याचे गोडवे गाणारा धडा मला तितकाच नको आहे जितका त्यांना संत ठरवणारा. प्रश्न शिक्षेचा आधार काय, हा आहे. सावकारीत लुबाडणूक करणारे काही थोडे नव्हते. म्हणून एखाद्या जातीतल्या तान्ह्या मुलाची नोंद पोलिसात झाल्याचं ऐकिवात नाही. कोणाचा गुन्हा त्याच्या एकट्याचा राहतो आणि कोणाचा त्याच्या जातीचा होतो, हा फरक शिकला तर पुष्कळ झालं.

तिसरा आक्षेप सुधारकांचाच असतो: धड्याने काय होणार, त्यांना जागा, दाखले आणि रोजगार द्या. मान्य. धडा घरकुलाची जागा देत नाही. पण त्या जागेचा ठराव ग्रामसभेत का पडतो? ‘ही माणसं इथे कायमची नकोत’ म्हणून. ती हरकत घेणारा माणूस दहावी पास असतो.

चौथ्या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. शिक्षक त्याच समाजातला आहे, दोरीवरचे कपडे काढणाऱ्याच घरातला. संशयाचा इतिहास शिकवताना तो हसत हसत एक वाक्य जोडेल, ‘पुस्तकात लिहिलंय असं, पण सांभाळून राहा’, आणि सगळा धडा वाया जाईल. उपदेशाचा धडा अशा शिक्षकाच्या हाती गेला तर तो नक्कीच उलटतो. म्हणूनच माझा भर कागदावर आहे: कायद्याचं कलम, हजेरीचा नमुना, तारखा, दाखल्याची अट. यातलं काहीच शिक्षकाच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून नाही. त्याचा सूर कसाही असला तरी मुलासमोर कलम येतं, आणि कलम वाचून स्वतःचं मत बनवणारी दोन-चार मुलं प्रत्येक वर्गात असतात. बाकीच्यांचं काय, हे मला ठाऊक नाही.

राहिले गुण. आपल्याकडे ज्याला गुण नाहीत ते कोणी वाचत नाही, ना मूल ना शिक्षक, आणि ही तक्रार करत बसण्यापेक्षा तिचा उपयोग करून घ्यावा. आठवीच्या इतिहासाच्या पेपरात चार गुणांना, पर्याय न देता, एक प्रश्न घालावा: ‘गुन्हेगार जमाती कायद्याने गावकऱ्यांवर कोणती जबाबदारी टाकली होती? कायदा रद्द झाल्यावर ती कोणी, केव्हा काढून घेतली?’

उत्तराचा दुसरा अर्धा भाग तपासताना परीक्षकाला जरा वेळ लागेल.